फोर-व्हील लावूनही पुढची चाके मेलेलीच: हबची दर पावसाळ्यातली कटकट

लिव्हर बसला, डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला, क्लच सोडला, आणि मागची दोन्ही चाके तांबड्या चिखलात जागच्या जागी खड्डा खणू लागली. पुढची दोन चाके मात्र जत्रेला आलेल्या पाहुण्यांसारखी नुसती बघत उभी. गोव्यात वाळपईच्या वर डोंगराच्या पोटात आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. तिथे जायला एक व्हाळ (ओढा) आणि त्यापुढे शे-दीडशे मीटरचा उघडा चढ आहे. त्या चढावर सलग तीन पावसाळे हाच प्रसंग. दर वेळी दुरुस्ती, दर वेळी "आता परत नाही व्हायचे", आणि चतुर्थीच्या तोंडावर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचे सामान आणायला वर निघालो की पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी पिकअपचे मूळचे ऑटोमॅटिक हब, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कड्या, खोलून, धुऊन, ग्रीस भरून बसवले. दुसऱ्या वर्षी नवे ऑटोमॅटिक घातले. तिसऱ्या वर्षी वैतागून ते काढले आणि हाताने फिरवायचे मॅन्युअल हब बसवले. ऑटोमॅटिकची ब्याद गेली म्हणून मी निर्धास्त होतो. त्याच सप्टेंबरात उजव्या हबचा डायल फ्री आणि लॉक यांच्या अधेमध्ये असा अडकला, की पकडीनेही हलेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन जातींचे तीन जोड एकाच चढावर, एकाच महिन्यात आजारी पडत असतील, तर दुखणे हबच्या जातीत नाही.

मॅन्युअल चांगला की ऑटोमॅटिक, हा वाद जुन्या फोर-व्हील गाड्या वापरणाऱ्यांत कधी संपत नाही. माझे मत पुढे सांगतोच, पण आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचे कसे, ते.

हब नेमका करतो काय

जुन्या पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच फोर-व्हील लावायच्या गाडीत ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून) एक प्रोपेलर शाफ्ट पुढे जातो आणि पुढचा डिफ्रन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारा गियरसंच फिरवतो. तिथून दोन बाजूंना दोन एक्सल शाफ्ट. चाक मात्र या शाफ्टवर बसलेले नसते. ते पोकळ स्टब एक्सलवर, बेअरिंगवर फिरते, आणि शाफ्ट त्या पोकळीतून बाहेर डोकावतो. शाफ्टचे टोक आणि चाक यांना जोडणारी कडी म्हणजे हब. कडी लावली की शाफ्ट आणि चाक एक होतात. काढली की चाक मोकळे फिरते, आणि शाफ्ट, डिफ्रन्शियल, प्रोपेलर ही सगळी मंडळी डांबरी रस्त्यावर स्वस्थ बसून राहतात. आवाज कमी, झीज कमी, डिझेल थोडे कमी.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला अशी कडी नव्हतीच. तिथे साधी फ्लँज होती, शाफ्ट आणि चाक कायमचे बांधलेले. युद्धानंतर त्या जीप साध्या रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा 1948 मध्ये अमेरिकेत सिएटल येथे आर्थर वॉर्न यांनी सुटे करता येणारे हब बनवायला घेतले. आपल्याकडे हा प्रकार बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांवर. मधोमध गोल डायल, त्यावर फ्री आणि लॉक असे दोन शब्द. उतरायचे, दोन्ही बाजूंचे डायल फिरवायचे, परत चढायचे. पावसात हे करताना कपडे भिजतात, म्हणून ऑटोमॅटिक आले.

दिवा अर्धेच सांगतो

पहिल्या वर्षी मला फसवले ते दिव्याने. बहुतेक जुन्या गाड्यांत फोर-व्हीलच्या दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो. आतला गियर सरकला की दिवा लागतो. पुढे चाकापाशी कडी लागली की नाही, याची त्या दिव्याला काहीच खबर नसते. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की प्रोपेलरपर्यंत ताकद पोचली.

दुसरी फसवणूक याहून मोठी, आणि भल्याभल्या मेकॅनिकांचीही होते. दोन्ही पुढची चाके ओढत नाहीत, म्हणजे दोन्ही हब गेले असे वाटते. तसे नसते. पुढचा डिफ्रन्शियल साधा, म्हणजे दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणारा लॉकर नसलेला असेल, तर ताकद ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला पळते. डाव्या हबची कडी लागलेली नाही, तर डावा शाफ्ट चाकाशिवाय नुसताच भिरभिरतो. उजवा हब ठणठणीत असला, त्याची कडी घट्ट बसलेली असली, तरी त्याच्या चाकाला काही मिळत नाही. एक हब मेला की दोन्ही चाके मेली. दुसऱ्या वर्षी आम्ही दोन्ही हब बदलले. त्यांतला एक बहुधा अगदी चांगला होता.

जॅक लावून दहा मिनिटांची परीक्षा

ही परीक्षा दोन्ही जातींच्या हबला चालते, आणि पाना लावण्याआधी हीच करावी. सपाट जागा बघा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. जॅकखाली फळी घाला आणि एक्सलखाली स्टँड द्या. आमच्याकडे स्टँड म्हणून चिरा (जांभा दगड) ठेवायची फार वाईट सवय आहे. ओला चिरा दाबाखाली कधी भसकन फुटेल याचा नेम नाही, आणि तेव्हा तुमचा हात चाकाच्या आत असतो.

आता फोर-व्हील हायमध्ये टाका. मॅन्युअल असेल तर दोन्ही डायल लॉकवर आणा. ऑटोमॅटिक असेल तर जॅक लावण्यापूर्वी फोर-व्हीलमध्येच, मातीवर, सरळ काही मीटर पुढे जाऊन थांबा आणि चुकूनही मागे येऊ नका. इंजिन बंद, गाडी गियरमध्ये. आता एकच पुढचे चाक उचला आणि ते पुढच्या दिशेने हाताने फिरवून पाहा. ते थोडीशी खडखड करून जागीच अडले, तर दोन्ही हब लागले आहेत आणि तुमचा रोग वेगळा आहे. चाक फिरले, तर कोणता तरी एक हब लागलेला नाही. तो कोणता, हे हाताला कळते. चाक सायकलच्या चाकासारखे हलके, मुकाट फिरत असेल तर याच बाजूची कडी लागलेली नाही. जड फिरत असेल, डिफ्रन्शियलमधून गियरची घरघर येत असेल, तर या बाजूचा हब लागला आहे आणि दोषी समोरचा. खात्रीसाठी दुसरे चाक उचलून तेच करा.

उलटी परीक्षाही करावी. टू-व्हीलमध्ये, हब फ्री असताना उचललेले चाक हलके फिरले पाहिजे. जड फिरत असेल, तर कडी सुटलेली नाही, म्हणजे ती बाजू डांबरावरही शाफ्टला ओढत चालली आहे. एक बाजू लॉक आणि एक बाजू फ्री अशी गाडी रोज पळवली, तर डिफ्रन्शियलमधले लहान गियर विनाकारण सतत फिरत राहून झिजतात. असे कळल्यावर दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

ऑटोमॅटिक हबच्या पोटात

यांत्रिक ऑटोमॅटिक हबमध्ये एक उतरण कापलेला कॅम असतो आणि त्याला थोडा अडवून धरणारा भाग स्टब एक्सलला जखडलेला असतो. फोर-व्हील टाकल्यावर शाफ्ट फिरू लागतो, तो अडवणारा भाग कॅमला मागे धरतो, कॅम उतरणीवर चढतो आणि दातेरी रिंग सरकवून चाकात अडकवतो. टक असा आवाज येतो तो तेव्हा. सोडण्यासाठी उलटा प्रवास करावा लागतो. लिव्हर टू-व्हीलमध्ये घ्यायचा आणि गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्यायची. चाक मागे फिरले की कॅम उतरतो, स्प्रिंग रिंगला मागे ओढते, कडी सुटते. कितीतरी जण लिव्हर काढतात आणि तसेच पुढे निघून जातात. मग ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये असूनही चाकेच पुढचा प्रोपेलर फिरवत राहतात, आणि लोक विचारतात की पुढून ही गुणगुण कसली.

या रचनेचे दोन कच्चे दुवे आहेत. चिखलात फसल्यावर आपण काय करतो? पुढे, मागे, पुढे, मागे असे झोके देतो. प्रत्येक वेळी दिशा बदलली की कॅम एका उतरणीवरून खाली येऊन दुसरीवर चढतो. म्हणजे कडी क्षणभर सुटते आणि जोर असतानाच पुन्हा लागते. दातांची टोके तुटतात ती अशी. ऑटोमॅटिक हब असेल तर फसायच्या आधी फोर-व्हील टाका आणि झोके देऊ नका. मागे ओढायला कोणाला तरी बोलवा, त्यात लाज नाही. दुसरा दुवा उतारावरचा. जुन्या काही ऑटोमॅटिक हबांत कडी एकाच दिशेने ओढते. चाक शाफ्टपेक्षा जोरात फिरू लागले की ती सैल पडते आणि उतारावर पुढच्या चाकांना इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. ओल्या पाचोळ्यावरून कुळागरात उतरताना हे फार जाणवते.

व्हॅक्यूमवर चालणारे हब ही तिसरी जात. तिथे कॅम नाही, रबरी नळ्या, सोलेनॉइड आणि पडदा आहे. ते लागले नाहीत तर नव्वद टक्के वेळा आधी नळी बघा, असे माझे मत. आमच्या हवेत रबर कडक होऊन टोकाशी चिरते, शिवाय उंदरांनाही ते आवडते.

ग्रीस जास्त झाले

आता माझी स्वतःची चूक. पहिल्या वर्षी हब खोलला तेव्हा आत कोरडे गंजलेले दिसले. मीच म्हटले, "मेस्त्री, भरपूर घाला." हबची पोकळी चाकाच्या बेअरिंगच्या जाड ग्रीसने ठासून भरली. दोन महिने मजेत गेले. मग पाऊस थंडावला, सकाळी गारवा आला आणि कडी लागेना.

हबच्या आत सरकणारी रिंग असते. तिला सरकायला जागा हवी आणि स्प्रिंगला ती ढकलता आली पाहिजे. पोकळी ग्रीसने भरली की रिंगला ग्रीस बाजूला सारत जावे लागते, आणि स्प्रिंग तेवढी ताकदवान नसते. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गंमत होते. अडवून धरणारा भाग ज्या घर्षणावर चालतो, ते घर्षणच ग्रीस खाऊन टाकते. मॅन्युअलमध्ये डायल फिरतो खरा, पण रिंग अर्ध्यावर राहते. बाहेरून लॉक, आतून अर्धवट. मग चढावर जोर आला की दात एकमेकांवरून घसरून टकटक-टकटक असा आवाज येतो. तो आवाज आला की पाय ताबडतोब उचला. त्या टकटकीत प्रत्येक टक म्हणजे दाताचा एक तुकडा आहे.

जाड ग्रीस बेअरिंगमध्ये भरा. हबच्या स्प्लाइनवर (शाफ्टशी जुळणाऱ्या खाचांवर), रिंगच्या आत-बाहेर आणि डायलच्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बोटाने पुसल्यासारखा पातळ थर पुरे. खोलून झाल्यावर हब हातात धरून डायल दहा-वीस वेळा फिरवा. रिंग पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत जाताना दिसली पाहिजे.

तरीही दर वर्षी का?

ग्रीसची चूक दुसऱ्या वर्षी सुधारली होती. तरी रोग परत आला. तिसऱ्या वर्षी अडकलेला उजवा हब खोलला, तेव्हा आतले ग्रीस चक्क सोलकढीच्या रंगाचे झाले होते. पाणी मिसळले की ग्रीस दुधाळ होते हे ठाऊक होते. आमच्याकडे त्यात तांबडी माती मिसळते, म्हणून सोलकढी. मेस्त्रींनी बोट बुडवून वर धरले आणि म्हणाले, "उदक भितर गेलां, पात्रांव." पाणी आत गेले, हे दिसतच होते. प्रश्न होता तो कुठून.

बाहेरचे पॅकिंग काढून बघितले. कागदी पॅकिंग एका बाजूला फाटलेले, आणि फाटलेल्या जागी गॅस्केटचा लेप चोपडलेला. हे तिन्ही वर्षे चालले होते. हब काढायचा, जुने पॅकिंग परत लावायचे, वर लेप. नवे पॅकिंग मिळायला बाजारात दोन खेपा घालाव्या लागतात, म्हणून. पण एवढ्याशा फटीतून इतके पाणी शिरेल हे मला पटेना. व्हाळात पाणी फार तर एक्सलपर्यंत, आणि तेही अर्धा मिनिट.

उत्तर भौतिकशास्त्राच्या शाळकरी पुस्तकात होते. वाळपईहून वर येईपर्यंत ब्रेक वापरून हब आणि बेअरिंग चांगलीच तापतात. आत कोंडलेली हवाही तापते. अशा तापलेल्या हबला आपण थेट थंड व्हाळात घालतो. हवा एकदम आक्रसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. पाणी शिरत नव्हते, हबच ते पीत होता. फाटके पॅकिंग, कडक झालेली ओ-रिंग, मागचे झिजलेले ऑइल सील, कुठलीही फट त्याला पुरते.

यात आमच्या गाडीने आणखी भर घातली होती. पुढच्या अखंड एक्सलवर श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. ती चिखलाने बुजून दगड झाली होती. ती मोकळी असती तर एक्सलच्या आतली हवा तिथून आत-बाहेर झाली असती. आमच्या पिकअपच्या नकलचा (चाक वळते त्या सांध्याचा) गोळा बंद जातीचा आहे, म्हणजे एक्सलचे घर, गोळा आणि स्टब एक्सलची पोकळी एकमेकांच्या शेजारी-शेजारी, मध्ये फक्त सील. एक्सलचा श्वास कोंडला की त्या सीलांवर ताण येतो. डिफ्रन्शियलचा प्लग काढून पाहिला. तेलही किंचित दुधाळ. हबने एकट्याने नव्हे, सगळ्या पुढच्या एक्सलने पाणी प्याले होते.

या भागात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या कुळे गावच्या जीप पावसाळा सरल्यावर पाण्यातून रोज ये-जा करतात. असे काम करणाऱ्या गाडीच्या मालकाला मी सांगण्याची गरज नाही. आमच्यासारखे, आठवड्यातून एकदा व्हाळ ओलांडणारे मात्र हे विसरतात.

उपाय साधे निघाले. नवे पॅकिंग, नव्या ओ-रिंग, स्टब एक्सलमागची सील दोन्ही बाजूंची. ब्रीदरची नळी साफ करून तिला लांब रबरी नळी जोडली आणि तिचे तोंड इंजिनच्या बाजूला उंच बांधले, खाली वळवून. डिफ्रन्शियलचे तेल बदलले. आणि व्हाळाच्या काठाला पाच-दहा मिनिटे थांबायची सवय लावली. बाबा तेवढ्यात खाली उतरून तपकीर ओढतात. त्यांना वाटते मी त्यांच्यासाठीच थांबतो.

बेअरिंग सैल असेल तर

सील बदलताना एक गोष्ट हटकून बघावी. उचललेले चाक वर-खाली धरून हलवा. लटलट जाणवली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. ऑटोमॅटिक हबमध्ये चाकाबरोबर फिरणारा भाग आणि स्टबला जखडलेला, कॅमला अडवणारा भाग एकाच अक्षावर राहिले पाहिजेत. चाक डोलत असेल तर ते राहत नाहीत आणि हब कधी लागतो, कधी लागत नाही. "कधी कधी होते" असे वर्णन असलेले निम्मे बिघाड इथले असावेत असा माझा संशय आहे. सैल बेअरिंग सीललाही खाते, आणि मग पुन्हा पाणी. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिपही (खोबणीत बसणारी अडकवण) बघा. ती नसली किंवा खोबणीत नीट बसली नसली तर शाफ्ट आत-बाहेर सरकतो आणि स्प्लाइन पूर्ण जुळत नाहीत.

डायल अडकला तर पकड लावू नका

मॅन्युअल डायल फिरत नाही याचे नेहमीचे कारण गंज नसून पीळ असतो. फोर-व्हीलमध्ये कोरड्या डांबरावर वळणे घेतली की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये तो फरक सोडून द्यायला जागाच नसते. तो फरक शाफ्टांमध्ये पिळासारखा साठतो. दात एकमेकांना इतके दाबून धरतात, की डायल किंवा ट्रान्सफरचा लिव्हर, काहीच हलत नाही. मातीवर असे होत नाही, कारण चाक थोडे घसरून पीळ सोडते. इलाज म्हणजे गाडी सरळ काही फूट मागे घ्यायची, किंवा एक पुढचे चाक जॅकने उचलायचे. चाक उचलताच ते झटका देऊन थोडे फिरते, म्हणून हात आणि पाय लांब ठेवा. त्यानंतर डायल बोटांनी फिरतो. डायल ओतीव हलक्या धातूचे असतात. पकडीने त्यांचे कान तुटतात, मीच एक तोडला आहे.

खऱ्या गंजाची गोष्ट वेगळी. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या बांधावरून, खाऱ्या चिखलातून गाडी नेणाऱ्यांना तो हमखास भेटतो. हलक्या धातूच्या टोपीत पोलादी स्क्रू आणि मध्ये मीठ, मग ते एकमेकांना असे धरतात की स्क्रूचे डोकेच तुटते. बसवताना स्क्रूच्या आट्यांना थोडे ग्रीस लावा आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. समुद्रकिनाऱ्याबद्दल बोलतच नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे आणि ते बरेच आहे.

मग कोणता?

आमच्या कामाला मॅन्युअल. तो कमी बिघडतो म्हणून नव्हे. वर सांगितलेच की पाण्यापुढे तोही टिकला नाही. कारण हे की त्याची अवस्था बाहेरून दिसते आणि हाताला कळते. डायल जड झाला, अर्ध्यावर थांबला, की महिनाभर आधीच समजते. ऑटोमॅटिकचे दुखणे चढावरच समजते. शिवाय पुढे-मागे झोके देताना मॅन्युअलची कडी सुटत नाही, आणि चालू गाडीत काही घडत नाही म्हणून दात झिजत नाहीत. ज्याची गाडी बहुतेक डांबरावर असते, जो कधीमधी चोर्ला घाटाच्या बाजूला पावसात जातो आणि ज्याला उतरणे जमत नाही, त्याने ऑटोमॅटिक ठेवावा, मात्र मागे घेण्याचा नियम पाळावा. डायल फ्रीवर विसरून लो रेंजमध्ये जोर लावणारा मॅन्युअलवालाही मी पाहिला आहे. त्यात सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर जाते आणि तो पिळून तुटतो.

मॅन्युअल लॉक ठेवून टू-व्हीलमध्ये चालवले तर मोडते का, असे बरेच जण विचारतात. मोडत नाही. थोडा आवाज, थोडी झीज, थोडे जास्त डिझेल, एवढेच. उलट कायम फ्री ठेवलेली गाडी वाईट, कारण पुढच्या डिफ्रन्शियलमधले तेल ढवळले जात नाही आणि वरची बेअरिंग, जॉइंट कोरडे राहतात. उन्हाळ्यातही महिन्याकाठी एकदा दहा-पंधरा किलोमीटर हब लॉक करून चालवावी.

बाबांनी यातून आपली पद्धत काढली आहे. मृगाच्या दिवशी, पाऊस येवो न येवो, दोन्ही डायल लॉक करायचे, आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना सोडायचे. मधले चार महिने उतरायचे नाही, विसरायचे नाही. यंदा दसऱ्याला फुले वाहून झाल्यावर त्यांनी डावा डायल दोन बोटांनी सोडला. उजव्याला मात्र फडके घ्यावे लागले. म्हणजे उजवी ओ-रिंग पुन्हा बघायला हवी, आणि या वेळी पॅकिंग मी आधीच आणून ठेवले आहे.